मागे बांधलेले हात

६ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर तू "बरं आहे, बरं आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्राला उत्तर दिल्याशिवाय तुला चैन पडत नाही, हे मला ठाऊक आहे.

बातमी अशी, की आमच्या बँकेने फिरत्या गाड्या काढल्या आहेत. गाडीतच काउंटर, गाडीतच कॅशियर. जिथे शाखा नाही तिथे आठवड्यातून एकदा जाऊन उभं राहायचं. कुठल्या वस्तीत गाडी न्यायची ते माझ्या टेबलावर ठरतं, आणि मी सगळ्यात आधी आपल्या रंगाऱ्यांच्या बोळाचं नाव घातलं. वशिला म्हणालीस तरी चालेल. तिथली शाखा उठून किती वर्षं झाली, आणि तुम्ही सगळ्या अजून कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे पैसे ठेवता. तो ठेवण्याचे पैसे कापून घेतो आणि परत देताना वर तोंड वाकडं करतो. येत्या बुधवारपासून गाडी बोळाच्या तोंडाशी, नळाजवळ उभी राहील. पहिलं खातं तुझं हवं. माझी हौस समज.

त्या दिवशी ऑफिसात मी होते कुठे, बोळातच होते. आईच्या आजारपणात तुझ्याकडे काढलेली ती वर्षं डोळ्यांपुढे आली. डोक्यावर दोरीला लोंबणाऱ्या सुताच्या ओल्या लडी, त्यांतून टपटपणारे थेंब, आणि ते चुकवत शाळेत जाताना मी मारलेल्या गिरक्या. त्यावरूनच तू मला भिंगरी म्हणायला लागलीस. तरी एखादा थेंब पाठीवर पडायचाच, आणि शाळेतल्या बाई विचारायच्या, आज तुमच्याकडे कुठला रंग चालू आहे गं?

आणि बँकेचा दिवस आठवतो? तू मला शाखेत घेऊन गेली होतीस. आतलं मला काही आठवत नाही, मोठा पंखा तेवढा आठवतो. पण परत येताना तू दोन्ही हात पाठीमागे बांधून अशी ऐटीत चालत होतीस, की मी विचारलं, अशी का चालतेस? तू म्हणालीस, साहेब लोक असेच चालतात. मग मीही हात मागे बांधले. आपण दोघी साहेब भर रस्त्यातून निघालो. पुढे आइस्क्रीमचं दुकान लागलं. तू दोन मागितलीस, माझ्या फ्रॉकच्या खिशातले पैसे मलाच द्यायला लावलेस, आणि दोन्ही आइस्क्रीम माझ्या हातांत. "दोन्ही तूच खा," म्हणालीस. इतका मोठा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही, मावशी. बढती मिळाली तेव्हासुद्धा नाही.

तुझी,
भिंगरी

२१ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी आली. गाडी कसली, लग्नातली नवरी आहे. बाहेरून पांढरी, आतून पांढरी, काउंटर पांढरा, आत बसलेल्या मुलीचा शर्ट पांढरा. ड्रायव्हरने दार उघडलं आणि पायरी खाली सोडली तेव्हा आम्ही सगळ्या शेडच्या दारातून बघत होतो. पिळणारी म्हणाली, ही गाडी आपल्या बोळात रात्रभर उभी राहिली तर सकाळी ओळखू येणार नाही. पिळणारी कोण ते तुला आठवत असेल. ओल्या लडी पिळायचं काम तिचं. तू लहान असताना तिच्या दंडाला लोंबकळायचीस. दंड अजून तसेच आहेत, दात तेवढे गेले.

मी काही गाडीपर्यंत गेले नाही. निळ्याचा हौद लागला होता, सूत रंगात बुडवलेलं होतं. लागलेला हौद सोडून उठता येत नाही, हे तुला सांगायला नको. आणि ती पायरी जरा उंच आहे. आमची गुडघ्यांची वयं.

एक बातमी माझ्याकडेही आहे. शेडचे मालक आता थकले. त्यांना शेड, हौद, भट्टी सगळं कुणाला तरी देऊन टाकायचंय. सुताचा एक व्यापारी मागे लागलाय, पण तो हौद फोडून तिथे गोदाम करणार. मालक मला म्हणाले, "तुम्ही चौघी मिळून घेत असाल तर मी वर्षअखेरपर्यंत थांबतो. पैसे कुठून आणायचे ते तुम्ही बघा." मी, पिळणारी, भट्टीवाली आणि तिची जाऊ. उभा जन्म त्या हौदांवर गेला आमचा. दुकानदाराकडे पडलेलं आहे त्यात भट्टीसुद्धा येणार नाही. बघू.

तुझं आइस्क्रीम वाचून हसू आलं. काय काय लक्षात ठेवतेस तू.

तुझी मावशी

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

अगं, एवढी मोठी गोष्ट पत्राच्या शेवटी "बघू" म्हणून टाकतेस? शेडसाठी बँक कर्ज देते. चौघींनी मिळून मागितलं तर आणखी सोपं पडतं. अट एकच, खातं निदान तीन महिने चाललेलं हवं. त्याच गाडीत खातं, त्याच गाडीत कर्जाचा अर्ज. वर्षअखेर लांब वाटते, पण नाही. लगेच खाती उघडा.

पायरीचं म्हणतेस ते बरोबर आहे. मी सांगून मधे एक बुटकी पायरी बसवून घेतली. आमच्या वर्कशॉपवाल्याने कुरकुर केली, पण केलं.

काल मीटिंगमध्ये मी फळ्यापुढे बोलत होते, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, इन्स्पेक्टर आले. मी विचार करताना हात मागे बांधून फेऱ्या मारते ना, त्यावरून सगळे चिडवतात. मी त्यांना सांगितलं, ही चाल मला वारशात मिळाली आहे. आमची मावशी अशीच चालते.

तुझी,
भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पायरी फार छान झाली. सध्या तिच्यावर दुकानदाराची मांजर बसते. तिचं खातं उघडायचं असेल तर सांग, कागदपत्रं नाहीत तिच्याकडे.

माणसं मात्र गेली नाहीत, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. ऊन फार होतं गं तिथे. नळाजवळ झाड होतं ते तोडलं, तुझ्या वेळी होतं. गाडीसमोर रांग लावायची म्हणजे डोकं तापतं. तरी मी सगळ्यांना सांगते आहे. भट्टीवालीची जाऊ म्हणाली, आधी तुम्ही जा. मी म्हटलं, जाईन की.

गाडीतली मुलगी बिचारी दिवसभर बसून असते. परवा मी नळावर गेले तर तिने हसून हात केला. मी नुसती मान हलवून हसले. गोड आहे मुलगी.

तू आता फेऱ्या मारणं बंद कर. पाठ दुखेल.

तुझी मावशी

१५ मार्च

प्रिय मावशी,

गाडीला छप्पर लावलंय. कापडी आहे, बाहेर ओढलं की दहाएक माणसं सावलीत उभी राहतील. रंग मी मुद्दाम निळा निवडला. वाकड्या वाटेने मंजुरी मिळवली, ती गोष्ट भेटीत सांगेन.

आता ऊन नाही, पायरी नाही, मांजरीला दुसरी जागा शोधू दे. या बुधवारी तू गेलीस की मला एक ओळ टाक. फक्त "गेले" एवढंच लिही.

तुझी,
भिंगरी

९ एप्रिल

मावशी,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

काल आमच्या मोठ्या साहेबांनी सगळ्या गाड्यांचा आढावा घेतला. बाकीच्या वस्त्यांत खाती उघडली, आपल्या बोळात एकही नाही. साहेब म्हणाले, "काही लोकांना बचतीची सवयच नसते. आपण दारात गेलो म्हणून ती लागत नाही." माझा संताप झाला. ज्या बायका भाजी आणून उरलेली नाणी डब्यात टाकतात, त्यांना सवय नाही? मी उभी राहिले आणि बोळाबद्दल बोलले. बँकेच्या दिवसाची गोष्टही सांगितली, आपल्या साहेबी चालीची, आइस्क्रीमची. सगळे प्रेमाने हसले. आणि हसून झाल्यावर साहेबांनी मे अखेरीपासून गाडी बंद करायचं ठरवलं. ती दुसऱ्या वस्तीला जाईल.

म्हणजे शेडचं कर्जही गेलं. त्या बोळात दुसरी बँक येणार नाही, आणि तालुक्याच्या शाखेत जायला तुम्हाला अख्ख्या दिवसाचा रोज बुडवावा लागतो. व्यापारी हौद फोडेल. ज्या हौदाच्या काठावर बसून मी पाढे पाठ केले, तो.

मी पायरी केली, छप्पर केलं. तू एकेक कारण सांगत गेलीस आणि मी धावत गेले. आता खरं सांग. तुझा दुकानदारावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे का? तसं असेल तर मी रागावणार नाही. पण मला कळू दे.

भिंगरी

१७ एप्रिल

चि. भिंगरीस,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला हौद ढवळायच्या काठीवर लक्ष ठेवता आलं नाही. सुताचा एक घाणा डागाळला. मालकांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, भाचीचं पत्र आलंय.

दुकानदारावर कसला विश्वास. पण त्याच्या लाकडी फळीवर आमचे हात चालतात. एवढंच कारण आहे, आणि ते मला तुला कधीच सांगायचं नव्हतं.

तुला पंखा आठवतो. मला काउंटर आठवतो. नवा बसवला होता, दुधाच्या सायीसारखा रंग. मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या नावाने खातं काढायला निघाले होते. तुझी आई आजारी, तू माझ्याकडे, मला वाटलं चार पैसे नीट बाजूला पडले तर तुझ्या शाळेचं होईल. सकाळपासून हात घासले. सोडा, लिंबू, दगड, काय नाही ते लावलं. पण निळ्यात बारा महिने हात घालणाऱ्या बाईचे हात कधी गोरे होतात का? नखांच्या कडा निळ्या त्या निळ्याच. म्हटलं, कोरडे आहेत ना, झालं.

उकाडा होता, रांग मोठी होती. तळहातांना घाम आला. माझी पाळी आल्यावर मी काउंटरवर हात टेकला आणि उचलला, तर माझी पाचही बोटं तिथे उमटलेली. कॅशियरने आधी बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडला नाही हं तो. ओरडला असता तर मी भांडले असते, माझं तोंड तुला माहीत आहे. तो अगदी हळू म्हणाला, "बाई, हात खाली घ्या. धुऊन या, मग बघू." आणि फडकं घेऊन पुसायला लागला. पुसून जाईना. मागची माणसं वाकून बघत होती.

धुऊनच आले होते मी, भिंगरी. हे काही मला त्याला सांगता आलं नाही.

हात कुठे ठेवावे हेच कळेना, म्हणून मागे घेतले. तशीच बाहेर आले. रस्त्यात वाटायला लागलं, जो तो माझ्या हातांकडे बघतोय. आणि तू खालून मान वर करून विचारलंस, मावशी, अशी का चालतेस? काय सांगणार सात वर्षांच्या पोरीला? जे तोंडाला आलं ते बोलले. तू लगेच हात मागे बांधलेस आणि पोट पुढे काढून अशी चाललीस, की मला रडू येत होतं त्याचं हसू झालं. खात्यात टाकायचे पैसे तुझ्याच खिशात होते, त्यातून आइस्क्रीम घेतलं. मला हात पुढे करायचे नव्हते, म्हणून दोन्ही तुझ्याकडे. मान कसला आणि काय.

घरी आल्यावर मी बोळात सगळ्यांना सांगितलं, हसत हसत, नक्कल करून. तेव्हा सगळ्या हसल्या. पण त्यानंतर रंगाचे हात घेऊन कुणी बँकेत गेलं नाही. शाखा पुढे उठली. कॅशियर कुठे गेला देव जाणे. राहिलं ते एवढंच, की नवीन सून कामाला आली की तिला सांगतात, बँकेत आपले हात चालत नाहीत. का, ते आता कुणाला ठाऊक नाही. भट्टीवालीच्या जावेला वाटतं, तसा सरकारी नियम आहे.

आणि तू पाठवलीस पांढरी गाडी. चूक तुझी नाही, तू आमच्यासाठी चांगल्यात चांगली पाठवलीस. दर बुधवारी मी नळापर्यंत जाते, हातांकडे बघते आणि घागर भरून परत येते.

आधी का नाही सांगितलं म्हणशील. तुझ्याजवळ माझ्या घरातलं काय आहे? ना दागिना, ना भांडं. ती एक आठवण होती, आणि तू ती इतकी जपली होतीस. मला ती नासवायची नव्हती. आता नासवली. शेड जाते आहे म्हणून नासवली.

तुझी मावशी

२६ एप्रिल

मावशी,

पत्र ऑफिसात आलं. जिन्यात उभी राहून वाचलं.

पहिल्यांदा मनात आलं, गाडीला गडद रंग द्यावा. मग वाटलं, दारात नळ आणि साबण ठेवावा. मग हातमोजे. असं एकेक सुचत गेलं आणि एकदम लक्षात आलं, की हे सगळं म्हणजे पुन्हा तेच आहे, "धुऊन या, मग बघू." मला माझाच राग आला.

म्हणून मी काहीही करणार नाही. गाडी तशीच येईल, पांढरीफेक. गाडीतल्या मुलीलाही मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिने तुझ्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवलं असतं, आणि तू ते लगेच ओळखलं असतंस. मी स्वतः येणार होते, पण माझ्यासमोर तू मला सांभाळत बसशील, जसं तेव्हा सांभाळलंस.

माझं एवढंच मागणं आहे, मे महिन्यातल्या कुठल्याही एका बुधवारी हौदावरून ऊठ आणि सरळ गाडीत जा. हात धुऊन नको. तशीच जा. त्या मुलीने तोंड वाकडं केलं तर मला लिही. मग गाडी बंद झाली तरी मला वाईट वाटणार नाही, आणि शेडसाठी मी माझ्या नावावर कर्ज काढेन. तुला ते आवडणार नाही हे मला कळतं, म्हणूनच आधी तू जा.

आणि एक सांगते. आठवण नासली नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी आपण दोघी मजेत होतो. आता कळलं, मी मजेत राहावं म्हणून तू काय केलंस. माझी आठवण वाढली, मावशी, कमी नाही झाली.

तुझी,
भिंगरी

१३ मे

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

गेले.

तू एवढंच लिहायला सांगितलं होतंस, पण एवढ्यावर माझं भागत नाही.

मागच्या बुधवारी जाणार होते, धीर झाला नाही. काल सकाळीही नाही. दुपारी निळ्याचा घाणा काढला, लडी दोरीवर टाकल्या, आणि मनात म्हटलं, आता बसले तर पुन्हा उठायची नाही. कोपरापर्यंत निळी होते मी. पिळणारी म्हणाली, हात तरी पूस. मी म्हटलं, भाचीची आज्ञा आहे. ती माझ्या मागे आली, तिचे तांबडे. तिच्या मागे भट्टीवाली आणि जाऊ, त्या दोघी नुसत्या बघायला. तुझ्या छपराखाली आम्ही अशा उभ्या होतो, जशा चोरी करायला आलोय.

पायरी चढले. मुलगी म्हणाली, "या, बसा." बसले. दोन्ही हात मांडीवर. तिने नाव विचारलं, सांगितलं. मग तिने कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, इथे सही करा. सही करायची तर हात वर घ्यावेच लागतात. घेतले. डावा हात काउंटरवर टेकला, आणि काय सांगू, तीच पाच बोटं. मी घाईने बाहीने पुसायला गेले तर आणखी फासलं. म्हटलं, झालं आता.

मुलीने बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, एक रेष जरी हलली असती तरी मला दिसली असती. ती म्हणाली, "असू द्या मावशी. माझा चहा रोज इथेच सांडतो." आणि तिने समोरची फाईल उचलून दाखवली. खाली खरंच कपाच्या बुडाची तपकिरी वर्तुळं, एकात एक. पांढरा काउंटर म्हणून मी ज्याला भीत होते, तो तिच्या चहाने केव्हाच रंगलेला होता.

मी सही केली. पासबुकाच्या पहिल्या पानावर माझा निळा अंगठा लागलाय. मुलीने दुसरं देऊ का विचारलं. मी म्हटलं, नको, हेच राहू दे.

मग पिळणारी. तिला लिहिता येत नाही. मुलीने अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली. पिळणारीने डबीकडे बघितलं, स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं आणि दिला कागदावर दाबून. तांबडाभडक. "शाई कशाला वाया घालवता?" म्हणाली. ड्रायव्हर असा हसला की पुढच्या सीटवरून चष्मा पडला त्याचा. ते हसणं ऐकून भट्टीवाली आत आली, तिच्यामागे जाऊ. जावेने मात्र आधी विचारून घेतलं, असा नियम नाही ना? मुलीला काही कळलं नाही, ती म्हणाली, कसला नियम?

संध्याकाळी मुलगी दार लावायला लागली तरी बोळ संपला नव्हता. पलीकडच्या शेडमधल्या पिवळेवाल्याही आल्या होत्या. पुढच्या बुधवारी नक्की येणार ना, असं सगळ्या विचारत होत्या. ती म्हणाली, या महिन्यात तर नक्की. पुढचं मला काही सांगता आलं नाही. पुढचं तू बघ.

तुझी मावशी

२ जून

प्रिय मावशी,

गाडी राहिली.

मे महिन्याचे अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेले. निळे, तांबडे, पिवळे अंगठे बघून त्यांनी विचारलं, शाई तीन रंगांची का वापरली? मी सांगितलं, शाई आपली नाही, त्यांची आहे. मग सगळं सांगितलं. मागच्या वेळी सांगितलेलीच गोष्ट सांगितली, फक्त या वेळी काउंटरपासून. कुणी हसलं नाही. साहेब बराच वेळ एक पिवळा अंगठा बघत होते. नंतर म्हणाले, निदान वर्षभर ही गाडी हलवू नका.

तीन महिने झाले की चौघींचा अर्ज लगेच द्या. मालकांना सांग, थांबा. आणि खरं सांगते, गोष्ट सांगताना माझे हात आपोआप मागे गेले होते. मी ते पुढे आणून टेबलावर ठेवले. सवय आहे, जायला वेळ लागेल.

तुझी,
भिंगरी

९ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

काल कर्ज मंजूर झालं. मालकांनी किल्ली पिळणारीच्या हातात दिली, कारण पकड तिची पक्की. आता शेड आमची. हौद जागच्या जागी आहेत. तुझा पाढ्यांचा काठही आहे, थोडा फुटलाय, तो भट्टीवाली लिंपून देईन म्हणते. व्यापारी येऊन बघून गेला आणि जाताना आमच्याकडेच सूत रंगवायला टाकून गेला. मी भाव वाढवून सांगितला.

गाडीतून निघाले आणि थेट घरी आले नाही. मोठ्या रस्त्याला ते आइस्क्रीमचं दुकान अजून आहे, आता त्याचा मुलगा बसतो. दोन मागितली. त्याने विचारलं, दुसरं कुणाला? मी म्हटलं, भाचीचं आहे, पण ती आज आलेली नाही.

दोन्ही हातांत एकेक घेऊन भर रस्त्यातून चालत घरी आले. कोपरापर्यंत निळी, आणि बोटांवरून आइस्क्रीम ओघळतंय. लोक बघत होते. बघू दे. दोन्ही मीच खाल्ली, तुझंसुद्धा.

तुझी मावशी